नेक पिकअपचा घुमणारा खर्ज कसा आवराल?

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गिटारवाल्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली, त्यांचा कंप टिपणारी चुंबक-कॉइलची जोडणी; ब्रिजजवळचा तो ब्रिज पिकअप, मानेजवळचा तो नेक पिकअप. ब्रिज पिकअपवर गिटार स्वच्छ बोलते, पण संथ गाण्याचा पीस घ्यायला स्विच नेकवर टाकला की खालच्या (जाड, खर्जाच्या) दोन-तीन तारा घुमायला लागतात. मग अँपचा ट्रेबल वाढवला जातो. त्याने वरच्या तारा कानाला टोचतात आणि खालचा घुमार तसाच राहतो. शेवटी नेक पिकअप वापरणंच बंद होतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण गिटारचा सगळ्यात गाता आवाज तिथेच असतो. तो मोकळा करता येतो, आणि बहुतेक वेळा त्याला एक स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो.

एक गोष्ट पहिल्यापासून धरून चला: जादा खर्ज जितका तारेजवळ कमी कराल तितका आवाज स्वच्छ राहील. ओव्हरड्राइव्हमधून (आवाज फाडणाऱ्या पेडलमधून), अँपमधून आणि मंडपाच्या स्पीकरमधून गेल्यावर तो कापायला गेलात तर त्याच्याबरोबर चांगला आवाजही जातो. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. फुकटातले आणि परत फिरवता येणारे उपाय आधी, सोल्डरिंग नंतर.

नेकवर खर्ज जास्त का येतो

फेंडर पद्धतीच्या गिटारवर नट (मानेच्या टोकाची तारा टेकायची पट्टी) ते ब्रिज तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. ब्रिज पिकअप ब्रिजपासून साधारण ४० मिलिमीटरवर बसतो, तर नेक पिकअप १६० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तारेच्या जवळजवळ पाव लांबीवर. मोकळी तार छेडली की तिचा मूळ स्वर मध्यावर सर्वांत जास्त झुलतो आणि टोकाकडे तो झोका कमी होत जातो. हिशेब केला तर मूळ स्वराचा झोका नेक पिकअपखाली ब्रिजच्या सुमारे साडेतीन पट निघतो. दुसऱ्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांच्या उपस्वराचा) झोका तर पाव लांबीवर ऐन भरात असतो. म्हणजे नेकवर जाडसर, भरीव आवाज येणं हा दोष नाही, ती त्या जागेची प्रकृती आहे. दोष सुरू होतो तो दोन्ही पिकअप तारांपासून सारख्याच अंतरावर बसवलेले असतात तेव्हा. स्वस्त गिटारींत हे फार आढळतं.

घुमतंय की दबलंय?

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. सगळे पेडल काढून गिटार थेट अँपला जोडा. अँपचे बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर ठेवा, गिटारचे नॉब पूर्ण उघडा. नेकवर आधी खालच्या ई तारेचे तिसऱ्या ते सातव्या पट्टीपर्यंतचे (फ्रेटपर्यंतचे) स्वर वाजवा, मग तोच पीस वरच्या दोन साध्या तारांवर.

साध्या तारा स्वच्छ आणि गुंडाळलेल्या तारा घुमत असतील तर खर्ज खरोखरच जास्त आहे. पण साध्या ताराही गोधडीखालून आल्यासारख्या येत असतील तर तुमचा ट्रेबल कुठेतरी मरतोय. तिथे बेस कापून उरेल तो बारका, मेलेला आवाज.

ट्रेबल मरण्याचं पहिलं कारण आपल्याकडे तारा. खारी हवा, घाम आणि जून ते सप्टेंबरचा दमट काळ यांत गुंडाळलेल्या तारांच्या वेढ्यांत मळ आणि गंज बसतो आणि त्यांची चकाकी दिसायच्या आधी ऐकू यायची थांबते. म्हणून नव्या तारा चढवल्याशिवाय नेक पिकअपबद्दल कुठलाच निर्णय घेऊ नका. दुसरं कारण लांब केबल. साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. ४.५ हेन्रीच्या आसपासच्या हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ३ मीटरची केबल लावली तर त्याचं रेझोनन्सचं शिखर, म्हणजे तो सर्वांत जोरात बोलतो ती जागा, साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळ राहतं. ६ मीटरची लावली की ते पावणेतीन हजारांपर्यंत खाली उतरतं. हा फरक कानाला सहज कळतो.

तिसरी तपासणी मल्टिमीटरने. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच नेकवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला टिप आणि बाहेरचा भाग यांच्यात रेझिस्टन्स मोजा. सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते सात किलोओहम आणि हंबकरला सात ते नऊ किलोओहम दिसले तर पिकअप ठीक आहे. हंबकरला चारच्या आसपास आकडा आला आणि गिटारला कॉइल स्प्लिट (एकच कॉइल चालू ठेवायची सोय) नसेल तर एक कॉइल बंद पडलेली असण्याची शक्यता मोठी. चौदा-पंधरा दिसले तर कुणीतरी ब्रिजसाठीचा गरम, म्हणजे जास्त जोराचा पिकअप नेकला बसवला आहे. तो तिथे घुमणारच.

उंची: इथेच बहुतेक काम होतं

आधी अ‍ॅक्शन (तारांची पट्ट्यांपासूनची उंची) आणि ट्रस रॉड (मानेचा वाक सांभाळणारी सळई) नीट करून घ्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान हलते, तारा वर-खाली होतात. त्यानंतर मोजलेलं अंतरच खरं. अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या. खालची ई तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या (पिकअपवरच्या त्या तारेखालच्या ठिपक्याच्या) माथ्यापर्यंत मोजा. मग वरच्या ई तारेवरही तसंच करा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, आवाज पटला नाही तर परत यायला वाट हवी.

सुरुवातीचा अंदाज म्हणून जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडरचं माप खर्जाच्या बाजूला २.४ आणि वरच्या बाजूला २ मिलिमीटर आहे. हंबकरला नेकवर साधारण २.४ आणि ब्रिजवर १.६ मिलिमीटर हे प्रचलित माप. घुमणाऱ्या गिटारवर मी नेकच्या हंबकरची खर्जाकडची बाजू बेधडक ३ ते ३.५ मिलिमीटरपर्यंत उतरवतो आणि वरची बाजू २ ते २.५ वर ठेवतो. पिकअप तिरका दिसतो, दिसू द्या.

स्क्रू कुठल्या दिशेला फिरवायचा? हंबकरच्या रिंगमधले आणि स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) पिकगार्डमधले, म्हणजे तारांखालच्या पातळ पाटीमधले स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवले की पिकअप वर येतो, उलटे फिरवले की खाली जातो. जुन्या पद्धतीच्या टेलिकास्टरचा नेक पिकअप थेट लाकडात स्क्रू केलेला असतो. तिथे पिकगार्ड काढावा लागतो आणि दिशा उलटी असते. स्क्रू ड्रायव्हर लोहचुंबकाकडे ओढला जातो, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याचं टोक धरून ठेवा. कॉइलची तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. उघड्या कॉइलवरून टोक एकदा घसरलं की पिकअप गेला.

एका वेळी अर्धा फेराच फिरवा, मग तार सुरात आहे का बघा, मग ऐका. खरी चाचणी दोन पिकअपांमधली आहे. ब्रिजचा आवाज आधी मनासारखा लावा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. आता एकच पीस वाजवत स्विच पुढे-मागे करा आणि दोन्ही आवाज सारख्या जोराचे होईपर्यंत नेक खाली न्या. हे काम स्टेजवर वाजवता त्या जोरावर करा. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यामुळे रात्री घरी पडवीत हळू आवाजावर छान लागलेली गिटार मंडपात घुमते.

स्क्रू सैल केला तरी पिकअप खाली जात नसेल तर बहुतेक खालची स्प्रिंग गंजून आखडलेली असते किंवा पिकअपची वायर मध्ये अडकलेली असते. किनाऱ्यावरच्या गिटारींत हे नेहमीचं. स्क्रू काढून पुसा आणि स्प्रिंगच्या जागी सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या रबरी नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घाला. रबराला गंज लागत नाही आणि पिकअप थरथरत नाही. गंज सोडवणारा स्प्रे गिटारवर कधीच मारू नका, स्क्रू बाहेर काढून कापसाने लावा.

सिंगल कॉइल असेल तर उतरवण्याचा आणखी एक फायदा होतो. जोरदार अल्निको ५ चुंबक तारेच्या फार जवळ असले की ते जाड तारेला ओढतात. बाराव्या पट्टीच्या पुढे खालच्या ई तारेचा स्वर डगमगतो आणि कितीही सुरात लावली तरी बेसूर वाटते. पिकअप खाली गेला की ते दुखणंही जातं.

हंबकरला पोल स्क्रू असतील तर पुढचं पाऊल छोटं आणि फार गुणकारी आहे. अख्खा पिकअप आणखी अर्धा मिलिमीटर खाली घ्या आणि वरच्या तीन तारांचे पोल स्क्रू एक-दोन फेरे वर काढा. खालच्या ई आणि ए तारांचे आहेत तिथेच ठेवा. साध्या तारांचा आवाज पुढे येतो आणि खर्ज मागे बसतो. स्क्रू तारेला लागेल इतका वर काढू नका.

अँप, चिरे आणि मंडपातला मिक्सर

गिटार ठीक झाली तरी जागा आवाज बिघडवते. फळ्यांचं पोकळ स्टेज आणि कोपऱ्यात सरकवलेला अँप ही घुमण्याची पक्की जोडी आहे. अँप कोपऱ्यातून हात-दीड हात बाहेर घ्या आणि स्टेजवरून उचला. देवळाच्या आवारात दोन जांभ्याचे चिरे सहज मिळतात. त्यांच्यावर अँप थोडा मागे कलता ठेवला की फळ्या थरथरायच्या थांबतात आणि आवाज तुमच्या गुडघ्यांऐवजी कानांकडे येतो.

गावोगावच्या कार्यक्रमांत अँप नसतोच, गिटार सरळ मिक्सरला जाते. नेक पिकअप बदनाम झाला तो बहुतांशी इथे. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण दहा-वीस किलोओहम असतो. आपल्या पॅसिव्ह गिटारला किमान पाच लाख, खरं तर दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. दहा किलोओहमवर हंबकर जोडला की साडेसहाशे हर्ट्झच्या वरचं सगळं गळायला लागतं. उरतो तो खर्ज, आणि साउंडवाला म्हणतो, ‘गिटार घुमतेय.’ उपाय म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे गिटार मिक्सरशी जुळवून देणारी डबी. तो नसेल तर बॉस कंपनीचा कुठलाही बफर्ड पेडल (सिग्नल दबू न देता पुढे पाठवणारा) मध्ये ठेवा, ट्यूनरसुद्धा चालेल. त्याचं इनपुट दहा लाख ओहमचं असतं आणि पेडल बंद असला तरी बफर चालू राहतो, फक्त वीज हवी. ट्रू बायपास पेडल (बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारा) बंद ठेवला तर हे काम करत नाही. मग साउंडवाल्याला तुमच्या चॅनेलचं लो कट बटण दाबायला सांगा. ते बहुधा ८० किंवा १०० हर्ट्झवर असतं. बेस गिटार आणि ऑक्टापॅडचा किक तिथेच राहतात, ती जागा त्यांना मोकळी सोडा.

ओव्हरड्राइव्हच्या आधी कापा

क्लीन आवाजात चालून जाणारा खर्ज ओव्हरड्राइव्हमध्ये गेला की त्याचा चिखल होतो, कारण क्लिपिंगमध्ये (सिग्नलची टोकं छाटली जाताना) मोठा खर्ज बाकीच्या स्वरांना गिळतो. ट्यूब स्क्रीमर हा पेडल नेकवर इतका लोकप्रिय का आहे याचं उत्तर त्याच्या सर्किटमध्ये आहे. क्लिपिंगच्या टप्प्यावर साधारण ७२० हर्ट्झच्या खाली तो गेन उतरवत आणतो. ईक्यू पेडल (खर्ज ते ट्रेबल वेगवेगळे कमी-जास्त करणारा) असेल तर तो ओव्हरड्राइव्हच्या आधी लावा. बॉसच्या सात पट्ट्यांच्या ईक्यूवर १०० ची पट्टी थोडी आणि २०० ची जरा जास्त उतरवून बघा. ४०० ला हात लावताना जपून, तिथे गिटारचा देह आहे. सगळ्यात खालची मोकळी ई ८२ हर्ट्झवर आणि मोकळी ए ११० वर असते, पण कानाला खटकणारा घुमार बहुतेक १५० ते ३०० च्या मधला असतो.

कपॅसिटरची जोडणी

उंची आणि ईक्यूने भागलं नाही, किंवा पेडल न नेता वाजवायचं असेल, तर नेक पिकअपच्या हॉट वायरमध्ये (सिग्नल नेणाऱ्या वायरमध्ये) एक छोटा कपॅसिटर मालिकेत घाला. टोन नॉबचा कपॅसिटर ट्रेबल जमिनीत घालवतो, हा उलट खर्ज अडवतो. त्याची किंमत दोन-पाच रुपये. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात पॉलिस्टरचे मिळतात, नाहीतर मुंबईहून गावी येणाऱ्या कुणाला तरी लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. व्होल्टेजचा प्रश्न इथे येत नाही, कुठलाही चालेल.

किती नॅनोफॅरडचा घ्यायचा हा हिशेब पुढच्या लोडवर (पॉट आणि अँप मिळून होणाऱ्या रेझिस्टन्सवर) अवलंबून आहे, आणि बरेच जण त्यात टोन पॉट, म्हणजे टोन नॉबखालचा रेझिस्टन्स, मोजायला विसरतात. ५००के चा व्हॉल्यूम, ५००के चा टोन आणि दहा लाख ओहमचा अँप मिळून साधारण २०० किलोओहम होतात. त्या हंबकर गिटारवर १०३ लिहिलेला, म्हणजे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ८० हर्ट्झच्या आसपास काम सुरू करतो. ४७२ (४.७ नॅनोफॅरड) सुमारे १७० वर, तर २२२ (२.२) सुमारे ३६० वर. सिंगल कॉइलच्या गिटारवर दोन्ही पॉट २५०के चे असतात, तिथे लोड ११० किलोओहमच्या जवळ येतो. त्यामुळे तोच १०३ तिथे १४० च्या वर आणि ४७२ तीनशेच्या वर कापतो. माझी पसंती हंबकरला ४७२ किंवा ६८२, सिंगल कॉइलला १०३ किंवा १५३.

तरी आकड्यांवर विसंबून सोल्डर करू नका. नेकची हॉट वायर स्विचवरून सोडवा. लेस पॉल पद्धतीच्या गिटारला ती बहुधा नेकच्या व्हॉल्यूम पॉटवर असते. सोडवलेली वायर आणि रिकामा झालेला लग (सोल्डर लावायचा कान) यांना एकेक मगर क्लिपची वायर लावा आणि दोन्ही वायरींची टोकं कॅव्हिटीबाहेर (वायरिंगच्या खळग्याबाहेर) काढा. आता गिटार अँपला जोडून बाहेरच्या दोन क्लिपांमध्ये एकेक कपॅसिटर अडकवत जा. थोडी घरघर येईल, ती उघड्या वायरींमुळे, तिकडे दुर्लक्ष करा. खालच्या तारांवर एक कॉर्ड, मग मधल्या तारांवर एक धून, मग सोबतच्यांबरोबर एखादं पूर्ण गाणं. एकट्याने वाजवताना बारीक वाटलेला कपॅसिटर बहुतेक वेळा वाद्यवृंदात नेमका बसतो.

कपॅसिटर ठरला की २५ वॉटच्या आयर्नने डाग द्या. कपॅसिटरचे पाय आखूड करा, दोन्ही टोकांना आधी सोल्डर चढवा, एकेका जोडाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका आणि वर स्लीव्ह चढवा, म्हणजे तो शील्डिंगला टेकून आवाज बंद व्हायचा नाही.

कायमचा बंदोबस्त नको असेल तर जागेवर बसणारं बेस कंट्रोल करता येतं. लिओ फेंडरच्या जी अँड एल गिटारींवर अशी सोय असते: २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर दहा लाख ओहमचा रिव्हर्स लॉग पॉट. पॉट एका टोकाला कपॅसिटरला वळसा घालून पूर्ण खर्ज सोडतो आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण कापतो. स्ट्रॅटवर नेकच्या टोन पॉटच्या जागी हा बसवता येतो. स्ट्रॅटवाल्यांना मी हाच सुचवतो. एका रात्रीत उघड्या मैदानावर आणि बंद हॉलमध्ये वाजवायचं असेल तर त्यासारखं सोयीचं काही नाही.

चार वायरींचा, म्हणजे चार कंडक्टरचा हंबकर असेल तर आणखी एक रस्ता आहे. दोन कॉइल मालिकेऐवजी समांतर जोडल्या की इंडक्टन्स पाव होतो, आवाज उजळ आणि थोडा हळू होतो, आणि स्प्लिटसारखी घरघर येत नाही.

मधली पोझिशन आणि फझ

सोल्डर झाल्यावर स्विच मध्ये टाकून ऐका. दोन्ही पिकअप एकत्र असताना नेकच्या कपॅसिटरपुढे ब्रिज पिकअपचे सात-आठ किलोओहम येतात आणि कापण्याची रेषा हजारो हर्ट्झवर उडी मारते. नेकचा वाटा फारच बारीक होतो. रिकनबॅकरच्या ४००१ बेसवर ब्रिज पिकअपला ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असाच मालिकेत असायचा आणि तो आवाज अनेकांना आवडतो. तुम्हाला मधली पोझिशन भरीव हवी असेल तर पुश-पुल पॉट घ्या आणि नॉब ओढला की कपॅसिटर शॉर्ट होईल अशी जोडणी करा.

फझ पेडलचं (आवाज ओव्हरड्राइव्हहून जास्त फाडणाऱ्या पेडलचं) इनपुट फार कमी इम्पिडन्सचं असतं. कपॅसिटर लावलेली गिटार थेट त्यात गेली तर आवाज कागदासारखा येतो. तीच गत थेट मिक्सरच्या लाइन इनपुटची. मिक्सरला जाताना कपॅसिटरवाल्या गिटारला बफर किंवा डीआय सक्तीचा समजा, आणि फझ वाजवायचा असेल तेव्हा पुश-पुल ओढून कपॅसिटर बाजूला करा.

एवढं करूनही नेक घुमत असेल आणि मल्टिमीटरने चौदा-पंधरा किलोओहम दाखवले असतील, तर पिकअप बदला. नेकसाठीच बनवलेला, सात-साडेसात किलोओहमचा हंबकर घ्या. बसवताना पुन्हा उंचीच्या पायरीपासूनच सुरुवात करा.